शिळा युरिया

“अकराची बैठक सुरू व्हायच्या आत तुला एकटीला काही सांगायचंय,” असं म्हणून प्रफुल्लनं कोल्ड रूमचं दार ओढलं आणि मला पुढे घातलं.

एप्रिलातला सोमवार होता. बाहेर पुणं तापलेलं, आत चार अंश. कोल्ड रूम म्हणजे माणसानं आत जाऊन उभं राहावं एवढा फ्रिज. दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, त्यांवर आम्हा सगळ्यांच्या बाटल्या, नळ्या, ट्रे. दार गादीसारखं जाड, त्यात डोळ्यांच्या उंचीवर ताटलीएवढी गोल काच. कडेचं रबर झिजल्यामुळे ते दार नुसतं ढकलून लागत नसे, खांदा द्यावा लागे. आत यंत्राची घरघर इतकी की भांडायला याहून चांगली जागा सगळ्या संस्थेत नव्हती.

प्रफुल्लच्या डाव्या हातात माझी बाटली होती. एक लिटरची, निळ्या झाकणाची, वर माझ्या अक्षरात ‘युरिया, सु. देवकाते’. उजव्या हातात दोन कागद.

“माझी बाटली तुझ्याकडे कशाला?”

“तेच सांगून राहिलो ना. आधी ऐकून घे. चिडू नको.”

मला चिडू नको म्हटलं की मी आधी चिडते आणि मग ऐकते. हे त्याला चार वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं. आम्ही दोघं चिटणीस मॅडमचे विद्यार्थी, एकाच प्रथिनावर काम करणारे; मी नळ्यांत, तो संगणकात. प्रथिन अगदी लहान, चौसष्ट मण्यांची माळ. पाण्यात सोडलं की ही माळ डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःची घडी घालून घेते, आणि घडी बरोबर पडली तरच ते प्रथिन कामाचं. ही घडी कशी पडते आणि कशी उलगडते, एवढंच आमचं काम. मी माळेला युरियाच्या पाण्यात बुडवून उलगडायची. चोवीस नळ्या, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडा जास्त युरिया. रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी प्रत्येकीवर प्रकाश टाकून तिची चमक मोजायची. घडी असली की चमक एक, उलगडली की दुसरी. प्रफुल्ल हेच संगणकात करायचा, माळेतल्या एकेका अणूचा हिशेब ठेवून. पण खऱ्या वेगानं उलगडायला लावलं तर संगणकाला वर्षं लागली असती, म्हणून तो प्रथिन सव्वादोनशे अंशांवर तापवायचा.

“भज्यांच्या तेलाहून गरम,” मी त्याला चिडवायची. “त्यातनं काय खरं निघणार?”

“आणि तू खतात बुडवून राहिली, त्यातनं मोती निघणार काय?” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

चिडवाचिडवीच्या पलीकडे एक खरं भांडण होतं. माझ्या आलेखात मध्ये एक पायरी दिसत होती. चमक उतरायला लागायची, अर्ध्यावर थबकायची, मग पुन्हा उतरायची. म्हणजे माळ अर्धी उलगडून मध्येच थांबते. एवढ्या लहान प्रथिनात अशी मधली अवस्था दिसणं मोठी गोष्ट होती. प्रफुल्लच्या गणितात पायरी नव्हती. त्याचं प्रथिन एका उडीत उलगडायचं. दोन वर्षं मी त्या पायरीवर उभी होते. माझा प्रबंध तिच्यावर, मॅडमचा लेख तिच्यावर, आणि ऑगस्टपर्यंत प्रबंध दिला नाही तर मला इंदापूरला परत जायचं होतं. अण्णांनी तसं वचन घेतलं होतं. मुलगा पाहून ठेवला होता, फक्त तारीख ठरायची बाकी होती.

अण्णांबद्दल इथेच सांगून टाकते. माझ्या वडिलांचं खताचं दुकान होतं आणि हात लगेच उठायचा. आईवर, माझ्यावर, हमालांवर, कुणावरही. नऊ वर्षांची असताना गोदामात माझ्या हातून युरियाचं पोतं फाटलं. अण्णांनी दोरानं मारलं आणि मग सांडलेला दाणा न् दाणा वेचायला लावला. गुडघे सोलवटले होते, त्यात ते पांढरे दाणे शिरून आग आग व्हायची. “एक दाणा वाया गेला तर बघ,” असं म्हणत ते दारात उभे राहिले. अण्णा दारात उभे असले की आई आणि मी आतच थांबायचो. ते तिथून हलले, त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला, की मगच बाहेर यायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याला आले तेव्हा मी स्वतःशी एकच ठरवलं होतं, की काहीही झालं तरी मी अण्णांसारखी होणार नाही.

प्रफुल्लनं पहिला कागद माझ्यापुढे धरला.

“तुझा प्रयोग मी केला. शनिवारी नळ्या लावल्या, काल मोजल्या. ताज्या युरियात.”

आलेख गुळगुळीत होता. चमक वरून निघाली आणि एका घसरगुंडीत खाली आली. पायरी नाही.

“तुला पिपेट धरता येतं का नीट?” मी हसले. “संगणकवाल्यानं नळ्या लावायच्या म्हणजे...”

“म्हणून सोबतच आणखी एक केला. याच प्रथिनावर, याच दिवशी, पण तुझ्या बाटलीतल्या युरियात.” दुसरा कागद. पायरी. माझी पायरी, जशीच्या तशी. “सुवर्णा, ही बाटली किती दिवसांची आहे?”

“परवाची.”

“खरं सांग.”

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, भिंतीवर लिहिलेला. युरिया रोज सकाळी ताजा करायचा आणि संध्याकाळी उरलेला मोरीत ओतायचा. शिळ्या युरियात एक वेगळंच रसायन तयार होतं आणि ते प्रथिनाच्या मण्यांना चिकटून बसतं. माळ मग पहिल्यासारखी राहत नाही. नियम सगळ्यांना पाठ होता. मला मात्र संध्याकाळी ती भरलेली बाटली मोरीत उपडी करवत नसे. हात वळायचाच नाही. मी ती कोल्ड रूममध्ये ठेवायची. थंडीत युरियाचे खडे जमायचे, मग सकाळी बाटली गरम पाण्यात धरून ते विरघळवायची. ताज्याहून जास्त स्वच्छ दिसायचा तो. गरम केल्यानं तेच नको ते रसायन आणखी झपाट्यानं वाढतं, हेही मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकातलं ठाऊक असणं आणि मोरीपाशी उभं राहणं यात फार अंतर असतं. आणखी एक. उलगडलेल्या माळेतला युरिया कमी केला की घडी पुन्हा पडायला हवी. ही पहिली परीक्षा. माझ्या प्रयोगात शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी माळाच परत यायच्या. मी वहीत लिहायची, ‘जवळजवळ पूर्ण’.

ती बाटली फेब्रुवारीतली होती आणि तिच्या आधीही अशाच बाटल्या होत्या.

“प्रथिन कुठून आणलंस?” मी विचारलं.

त्यानं कागद खिशात कोंबले.

“प्रफुल्ल, प्रथिन कुठून आणलंस?”

“तुझ्या डब्यातून. एक नळी घेतली. विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पण तू दिली असती का?”

एक नळी म्हणजे माझी आठ दिवसांची मेहनत. न विचारता दुसऱ्याच्या डब्याला हात लावणं आमच्याकडे चोरीत जमा होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चोरीचं काही वाटलं नव्हतं. मला दिसत होता ऑगस्ट आणि अण्णांचं दार. पण चोरीचं कारण हाताशी सापडलं आणि मी ते घट्ट धरलं.

पहिली थप्पड मी मारली ती त्याला अपेक्षित नव्हती. चष्मा उडून रॅकखाली गेला.

“चोर साला! माझ्या माघारी माझ्या डब्यात हात घालतोस?”

“अगं, ऐक ना...”

दुसरी थप्पड कानावर. त्यानं बाटली छातीशी धरली आणि दुसरा हात तोंडापुढे घेतला. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला रॅकवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. वरचा ट्रे सरकला, काचेच्या नळ्या आमच्या अंगावर फुटल्या, रॅकचा कोपरा लागून त्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. तो उंचीनं माझ्याहून वीतभर जास्त, मनात आणलं असतं तर मला एका हातानं लांब ठेवलं असतं. त्यानं हात उचलला नाही, आणि त्याचाच मला आणखी संताप आला. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. तो वाकला तशी केस धरून त्याचं डोकं खाली दाबलं आणि पाठीत गुद्दे घातले. किती घातले ते आठवत नाही. माझ्या तोंडातून ज्या शिव्या येत होत्या त्या मी कधी दिल्या नव्हत्या, फक्त ऐकल्या होत्या. गोदामात.

“बाटली दे!”

“नाही देत. मॅडमला तू दाखव, मी नाही दाखवत. पण ही फेकू देणार नाही तुले.” तोंडात रक्त आलं की माणूस गावच्या बोलीवर जातो.

मी बाटली हिसकावली आणि बाहेर पडले. पुढचं मी चौकशी समितीला सांगितलं तसंच सांगते. मी रागात होते. मी दार लावलं. प्रफुल्ल माझ्यामागे येत होता, त्यानं चौकटीवर हात ठेवला होता आणि त्याचा उजवा हात दारात सापडला.

ओरडणं दारातून नीट ऐकू आलं नाही. गोल काचेत त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. मी मूठ ओढून दार उघडलं तेव्हा तो गुडघ्यांवर आला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट यांची बोटं राहिली नव्हती. माझ्या हातातली बाटली कधी सुटली ते कळलंच नाही. ती फुटली, युरियाचं पाणी फरशीवर पसरलं आणि त्याच्या रक्तात मिसळलं. तो हात धरून त्या पाण्यात बसला होता. ते पाणी जखमेत गेल्यावर कसं झोंबतं ते मला ठाऊक होतं.

चिटणीस मॅडम धावत आल्या. साठीला टेकलेल्या बाई, पण त्यांनी पदर फाडून त्याचा हात बांधला आणि स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठला. मागच्या सीटवर प्रफुल्लचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी पूर्ण वेळ “सॉरी, सॉरी” म्हणत होते. 

डॉक्टर तरुण होते. क्ष-किरणाचा फोटो उजेडावर धरून म्हणाले, “एकदाच दाबलं गेलं का हे? इथे दोन ठिकाणी चुरा झालाय.”

“एकदाच,” प्रफुल्ल म्हणाला.

दोन्ही बोटं अर्ध्यातून काढावी लागली.

अमरावतीहून त्याची आई आली. बारीक बांधा, काळ्या काठाचं लुगडं, हातात स्टीलचा डबा. दवाखान्याच्या बाकावर मी रडत बसले होते. तिला कुणीतरी सांगितलं असावं की दार हिच्या हातून लागलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली, डबा उघडला आणि एक लाडू माझ्या हातात ठेवला.

“काहून रडतं वं पोरी? दार तं कोनाच्याही हातून लागते. जेवली काय तू?”

तो लाडू मी खाल्ला. शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, कारण ती बघत होती.

तिसऱ्या दिवशी मी प्रफुल्लजवळ एकटी होते. हात पांढऱ्या बोचक्यासारखा बांधून टांगलेला. भुवईला पाच टाके.

“समितीला काय सांगणार आहेस?” मी विचारलं.

“दार तुझ्या हातून सुटलं. भुवईला ट्रे पडला.”

“का?”

“मी तुझ्या डब्यातून चोरी केली म्हणून नाही. ते विसर.” तो छताकडे बघत बोलत होता. “मी खरं सांगितलं तर तुला काढून टाकतील. मग पायरी चूक होती हे कोण सांगणार? मी सांगितलं तर लोक म्हणतील यानं सूड घेतला. लेख तसाच छापून येईल. पुढे दहा पोरं दहा वर्षं ती पायरी शोधत बसतील. तेव्हा ती पायरी तूच काढून टाक, सुवर्णा. सगळ्यांसमोर.”

“आणि ऑगस्ट?”

“तुझा ऑगस्ट मला काहून विचारते? बोटं माझी गेली ना.”

पुढच्या सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले. मधल्या आठवड्यात त्या पायरीवरचं प्रथिन मी संस्थेतल्या वजन करणाऱ्या यंत्राकडे पाठवलं होतं. बऱ्याच माळांचं वजन हवं त्यापेक्षा बरोबर त्रेचाळीस एककांनी जास्त भरलं, काहींचं दोन त्रेचाळीसांनी. शिळ्या युरियातला तो कण एकदा चिकटला की तेवढंच वजन वाढतं. मी मॅडमना, आठ विद्यार्थ्यांना आणि प्रफुल्लच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं, की मधली अवस्था नाही. ती माझ्या बाटलीतून आली होती. माझा युरिया शिळा होता आणि मला ते माहीत होतं. मग फळ्यावरचा माझाच आलेख मी पुसला.

मॅडमनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, “दोन वर्षं गेली, देवकाते. तुझीही आणि माझीही.” दाराशी जाऊन थांबल्या. “पण हे बोलायला छाती लागते.”

त्यांनी लेख मागे घेतला. अण्णांना मी फोनवर कळवलं की ऑगस्टला येणार नाही, लग्नही करणार नाही. ते पुण्याला येऊन संस्थेच्या फाटकाबाहेर दोन तास शिव्या देत उभे होते. मी आत होते, गेले नाही. अडीच वर्षांनी मी आणि प्रफुल्लनं मिळून लेख लिहिला: हे प्रथिन एका उडीत उलगडतं आणि एका उडीत घडी घालतं, नळीतही आणि संगणकातही. तो आठ बोटांनी टंकायचा. वेग पूर्वीचाच.

आमच्या लहानशा वर्तुळात मग माझं नाव झालं, आणि ते त्या लेखानं झालं नाही. स्वतःची चूक स्वतः फळ्यावर पुसणारी मुलगी, असं झालं. मला मुलाखतीला बोलावणाऱ्यांनी त्याचा उल्लेख केला. नाशिकला माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी भिंतीवर युरियाचा नियम लावला. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी तो किस्सा सांगते. बाटली, फेब्रुवारी, गरम पाणी, अठ्ठ्याऐंशी टक्के, त्रेचाळीस. दार मी सांगत नाही. आवाजही कधी चढवत नाही. अठरा वर्षांत कुणी माझा आवाज चढलेला ऐकलेला नाही आणि त्याचा मला अभिमान होता.

गेल्या डिसेंबरात माझी विद्यार्थिनी दीपाली गांगुर्डे हिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक म्हणून प्रफुल्ल आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, चष्मा जाड. परीक्षा उत्तम झाली. नंतर माझ्या खोलीत आम्ही तिघं चहा पीत बसलो. दीपाली खुशीत होती.

“सर, मॅडमचा युरियाचा किस्सा आम्हाला तोंडपाठ आहे. शिळा युरिया पकडणारे मित्र तुम्हीच ना?”

“मीच तो.” प्रफुल्ल हसला. “अजून सांगून राहिली काय ही?”

“दर वर्षी! आम्ही म्हणतो, मॅडमसारखं खरं बोलता आलं पाहिजे. सगळ्यांसमोर उभं राहून, माझं चुकलं, असं.” मग तिची नजर कपावरच्या त्याच्या हाताकडे गेली. तरुण मुलांना विचारताना अवघडायला होत नाही. “सर, बोटांना काय झालं?”

“कोल्ड रूमच्या दारात सापडली. जड असते ते दार.”

तो हे सहज बोलला, इतक्या वर्षांत शंभर वेळा बोलला असेल तसं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मी अठरा वर्षं फुकट वापरत आले होते.

“दोनदा,” मी म्हणाले.

दीपालीला कळलं नाही. “काय मॅडम?”

“दार मी दोनदा लावलं. पहिल्यांदा रागात लावलं, तेव्हा त्याचा हात मध्ये होता हे मला दिसलं नव्हतं. दार पुरतं बसलं नाही. मग मी वळून बघितलं. चारही बोटं बाहेर आली होती, माझ्या बाजूला. हलत होती. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता आणि तो नको नको अशी मान हलवत होता. मी ते सगळं पाहिलं. मग मागे सरले आणि खांदा दिला.”

खोलीत पंखा बंद होता. खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न आला.

“त्याआधी आत मी त्याला मारलं होतं. डोकं आपटून. यानं माझ्यावर हातही उचलला नव्हता.”

प्रफुल्लनं कप खाली ठेवला. उरलेल्या बोटांनी बशी नीट सरकवली.

“मी काचेतून तुझ्याकडेच पाहून राहिलो होतो,” तो म्हणाला. “मला वाटलं, ही उघडते आता.”

“माहीत आहे.”

“त्याचंच दुखलं, सुवर्णा. बोटाचं काही नाही.”  त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “आई जाईपर्यंत विचारायची, ती रडकी पोर कशी आहे म्हणून.”

मी रडले. अठरा वर्षांनी, विद्यार्थिनीसमोर, तोंड लपवायचं भान न ठेवता रडले. माफी मागितली. ती त्यानं दिली की नाही, मला अजून सांगता येत नाही. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर तो हात एकदा ठेवला आणि बस चुकेल म्हणून निघाला. दीपालीनं तिन्ही कप उचलले, धुतले, जागेवर ठेवले आणि “येते मॅडम,” म्हणाली. मला वाटलं, बरं झालं. सांगून टाकलं. रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा दीपाली कोल्ड रूममधून नळ्यांचा भरलेला ट्रे घेऊन निघत होती. दोन्ही हात गुंतलेले. आमचं दार नवीन आहे, हलकं, एका बोटानं उघडतं. नेहमीसारखी मी पुढे झाले आणि तिच्यासाठी दार धरलं.

“ये,” मी म्हणाले.

ती आली नाही. उंबरठ्याच्या आत, दाराच्या चौकटीपासून हातभर लांब, ट्रे पोटाशी धरून उभी राहिली. थंडीनं तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

“राहू दे मॅडम, तुम्ही जा पुढे. मी येते,” ती अगदी अदबीनं म्हणाली.

मी दार सोडलं आणि माझ्या खोलीकडे निघाले. माझ्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत ती आतच थांबली.